कान पकडणारी बाई

गेल्या दिवाळीतली सकाळ. मी पोळ्या लाटत होते आणि फ्रिजवर ठेवलेल्या मोबाइलवर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचं 'अंडर माय थम्ब' लागलं होतं. हे गाणं लागलं की माझं लाटणं आपोआप तालात येतं. १९६६ सालच्या या गाण्यात बँडमधल्या ब्रायन जोन्सने मरिंबा वाजवलाय. मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, पाण्यात भिजून फुगलेल्या लाकडावर कुणी टिचकी मारावी तसा त्याचा आवाज. पहिल्या चार मात्रांतच तो कमरेत शिरतो. मग त्यांचा गायक मिक जॅगर येतो आणि आपली फुशारकी सुरू करतो.

मुलगी होस्टेलवरून सुट्टीला आली होती. एकोणीस वर्षांची. ओट्याला टेकून चहा पीत होती. म्हणाली, "आई, तू शब्द ऐकतेस ना याचे?"

"ऐकते की."

"तो म्हणतोय, एके काळी मला नाचवणारी ती पोरगी आता माझ्या अंगठ्याखाली आहे. सांगितलं तेवढंच करते. कुत्रं म्हणतोय तो तिला."

"पुढे मांजरही म्हणतो. सयामी."

"आणि तू डोलतेयस!"

डोलत होते हे खरंच होतं. पोळी तव्यावर टाकताना मनात एक उत्तर तयार होतं, पण ते माझं नव्हतं. ते एलन विलिस नावाच्या अमेरिकन रॉक समीक्षक बाईचं होतं, आणि तिने ते १९७१ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी देऊन ठेवलं होतं.

विलिसचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. रॉक ऐकणाऱ्यांना समीक्षकांपैकी लेस्टर बँग्ज ठाऊक असतो, कारण त्याच्यावर सिनेमात पात्र आलं, तो तेहतिसाव्या वर्षी गोळ्या-औषधांच्या ओव्हरडोसने गेला आणि दंतकथा व्हायला एवढं पुरतं. रॉबर्ट ख्रिस्तगाव ठाऊक असतो, कारण तो अल्बमना शाळेतल्यासारखे ए, बी, सी असे शेरे द्यायचा. विलिसने असलं काही केलं नाही. न्यूयॉर्कची मुलगी, जन्म १४ डिसेंबर १९४१चा, वडील पोलीस खात्यात लेफ्टनंट. पंचविशीत तिने बॉब डिलनवर एक लांबलचक लेख लिहिला. तो 'द न्यूयॉर्कर'चे संपादक विल्यम शॉन यांच्या वाचनात आला आणि १९६८ साली त्या साप्ताहिकाची पहिली पॉप संगीत समीक्षक म्हणून तिची नेमणूक झाली. सदराचं नाव 'रॉक, एट्सेट्रा', म्हणजे 'रॉक, वगैरे'. त्यातला 'वगैरे' मला फार आवडतो. पुढच्या सात वर्षांत तिने पन्नासहून अधिक लेख लिहिले, त्यांतली निम्मी मजा या वगैरेत आहे.

माझ्यापर्यंत ती पोचली फार उशिरा, २०१२ साली. न्यू जर्सीला असलेल्या मावसबहिणीने, दर वेळी आणते त्या चॉकलेटांच्या जोडीला एक पुस्तक आणलं. 'आउट ऑफ द व्हिनाइल डीप्स'. विलिस २००६च्या नोव्हेंबरमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. त्यानंतर तिच्या मुलीने, नोना विलिस अरोनोविट्झने, आईचे संगीतावरचे लेख गोळा करून २०११ साली हे पुस्तक काढलं. बहीण म्हणाली, "तुला ते ढणढण आवडतं ना, म्हणून." त्या ढणढणीचा इतिहास थोडा सांगायला हवा.

मी मिरजेची. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. दुपारी भोपळे घासल्याचा आवाज आणि लाखेचा वास. घरात किराणा घराण्याचा शब्द शेवटचा. आजोबा अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत. अशा घरात माझा भाऊ मेडिकल कॉलेजच्या होस्टेलमधून एक कॅसेट घेऊन आला. रेकॉर्ड केलेली, वर निळ्या पेनाने 'मिक्स ३' एवढंच लिहिलेलं. 'मिक्स १' आणि '२' कधी दिसल्या नाहीत. ती आम्ही माळ्यावर, आवाज बारीक ठेवून ऐकायचो. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. गाणं कुणाचं, बँड कोणता, काही कळायचं नाही. इंग्रजीही धड कळायचं नाही. पण ते ऐकून जिना उतरताना मी वेगळी चालायचे, हे मला आठवतंय. पाय जोरात पडायचे. आई म्हणायची, "काय हत्तीण उतरतेय का?"

शब्द कळायला लागले ते पुढे पुण्यात शिकताना, आणि तेव्हा जरा पंचाईतच झाली. ज्या गाण्यांनी मला हत्तीण केलं होतं त्यांतल्या निम्म्या गाण्यांत मला, म्हणजे कुठल्याही बाईला, बरं म्हटलेलं नव्हतं. या भानगडीवर मी वीसेक वर्षं एकच उपाय केला. विषयच काढायचा नाही. मैत्रिणींमध्ये मी जोनी मिचेल या गायिकेचं नाव सांगायचे, घरी एकटी असताना स्टोन्स लावायचे. गाण्यातलं काही लपवायचं असतं हे आपल्याकडच्या मुलीला शिकवावं लागत नाही.

आणि मग विलिसचं पुस्तक उघडलं तर ही बाई नेमक्या त्याच जागी उभी. लपवत मात्र काही नव्हती.

१९७१च्या त्या लेखात ती एक साधी कसोटी सांगते. पुरुषाने बाईबद्दल लिहिलेलं गाणं घ्या आणि त्यातली माणसं उलटी करा. बाईच्या जागी पुरुष, पुरुषाच्या जागी बाई. गाणं टिकतं का बघा. ही पद्धत ढोबळ आहे, असं ती स्वतःच आधी सांगून टाकते. मग ती दोन गाणी घेते. एक 'अंडर माय थम्ब'. दुसरं कॅट स्टीव्हन्स या गायकाचं 'वाइल्ड वर्ल्ड', जे १९७०चं आणि अतिशय गोड. सोडून निघालेल्या मैत्रिणीला तो सांगतो की बाई गं, जग फार वाईट आहे, नुसत्या हसण्यावर निभाव लागायचा नाही, सांभाळून राहा. गिटारही अशी की हिवाळ्यात कुणी अंगावर शाल घालावी.

आता उलटं करा. जॅगरचं गाणं एखादी बाई म्हणू शकेल? आरामात. ज्याने मला नाचवलं त्याला मी आता नाचवतेय, हे सूडाचं स्वप्न कुठल्याही सुनेला, कारकुणीला, घटस्फोटितेला पडू शकतं. विलिस तर नॅन्सी सिनात्राच्या बुटांच्या गाण्याचं उदाहरणच देते, बाईने म्हटलेलं तसंच गाणं तोवर येऊन गाजलेलंही होतं. आणि स्टीव्हन्सचं? सोडून जाणाऱ्या पुरुषाला एखादी बाई खिन्न सुरात सांगतेय की अरे, तू किती भोळा, बाहेरचं जग तुला झेपायचं नाही, असं गाणं मनात आणून बघा. हसू येतं. म्हणजे शिवी देणाऱ्या गाण्यात निदान दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. मायेने बोलणाऱ्या गाण्यात एकच माणूस आहे, आणि एक लहान मूल.

हे वाचलं तेव्हा मी बसमध्ये होते. स्वारगेटला उतरायचं ते पुढे कात्रजला उतरले.

त्यानंतर काही दिवस मी हाच उद्योग केला. आपल्या भावगीतांना कसोटी लावली. नावं घेत नाही, कारण ती गाणी मलाही प्रिय आहेत आणि घरात आणखी भांडणं नकोत. पण करून बघा. 'नाजूक', 'भोळी', 'बावरी', 'लाजरी' ही विशेषणं पुरुषाला लावून बघा. अर्ध्याहून अधिक गाणी दुसऱ्या ओळीतच कोसळतात. उलट लावणी घ्या. शाहीर होनाजी असो की पठ्ठे बापूराव, लिहिणारा पुरुषच, पण तिच्यातली बाई स्वतःला काय हवं ते सांगते, न मिळाल्यास बोल लावते, आणि ढोलकीही तिला 'हळू बोल' म्हणत नाही. ती उलटी केली तरी उभी राहते. अर्थात ती म्हणणाऱ्या बाईचं आयुष्य गाण्यातल्या बाईसारखं कधीच नव्हतं. जातीने आणि गरिबीने फडावर उभ्या केलेल्या बायका होत्या त्या. ही गोष्ट कसोटीत कुठे बसत नाही. कसोटीला तेवढंच कळतं जेवढं शब्दांत आहे.

हेच माझ्या मुलीने त्या सकाळी दुसऱ्या शब्दांत सांगितलं. विलिसची कसोटी मी मोठ्या थाटात तिला ऐकवली, मध्ये एक पोळी करपवून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाईने ते गाणं म्हटलं तर ते स्वप्न असेल. पुरुषाने म्हटलं तर बहुतेक घरांत ते रोजचं वागणं असतं. उलटं करून दोन्ही सारखं कसं होईल?"

मला उत्तर सुचलं नाही. विलिसला सुचलं असतं का, यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं ती म्हणाली असती की बरोबर आहे, आणि तरी मला ते गाणं आवडतं, तर आता या 'तरी'चं काय करायचं ते बोलू. तिचं सगळं लिखाण त्या 'तरी'पासून सुरू होतं.

विलिस नुसती रॉक ऐकणारी लेखिका असती तर हा 'तरी' स्वस्तात पडला असता. पण १९६९च्या सुरुवातीला शुलामिथ फायरस्टोनबरोबर तिने 'रेडस्टॉकिंग्ज' ही स्त्रीवादी संघटना काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळ समितीने गर्भपाताच्या कायद्यावर तज्ज्ञांची सुनावणी ठेवली होती. तज्ज्ञ पंधरा. त्यांत चौदा पुरुष आणि एक नन. बायकांनी मध्येच उठून ती सुनावणी उधळली आणि विलिसने त्यावर 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलं. महिनाभराने, २१ मार्चला, रेडस्टॉकिंग्जने एका चर्चमध्ये आपली स्वतःची सुनावणी घेतली. बारा बायका उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपापल्या गर्भपाताबद्दल शेकडो लोकांसमोर बोलायला सुरुवात केली. (आपल्याकडे कायदा झाला तो १९७१ साली. चर्चा तेव्हा लोकसंख्येची होती, बायकांना बोलावून विचारल्याचं फारसं कुठे दिसत नाही.)

आता पुढचं बघा. १९७७ साली सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचा अल्बम आला. त्यात 'बॉडीज' नावाचं गाणं आहे, गर्भपातावरचं. नुसतं विरोधातलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे गाणं बायकांच्या शरीराबद्दलच किळस ओकतं. रक्त, घाण, किंचाळणं. ज्या बाईने गर्भपाताच्या हक्कासाठी रस्ता धरला, त्या बाईने हे गाणं ऐकलं आणि तिला ते आवडलं. पुन्हा लावलं. बरं, याच सुमारास ती दुसऱ्या बाजूचं संगीतही ऐकत होती, बायकांनी बायकांसाठी केलेलं, शुद्ध विचारांचं, हळुवार. त्याचा तिला कंटाळा आला.

दुसरी कुणी असती तर इथे दोनच वाटा होत्या. एक तर 'बॉडीज' फेकून द्यायचं आणि मन मारून ते हळुवार संगीत ऐकायचं. नाही तर म्हणायचं की कला वेगळी, राजकारण वेगळं, मला गिटार आवडली, शब्दांशी माझं देणंघेणं नाही. विलिसने यांतलं काहीच केलं नाही. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकातल्या लेखात तिने सरळ लिहून टाकलं की मला काय हवं, मला काय आवडतं, कशाचा राग येतो, हे जे संगीत ठणकावून सांगतं ते मलाही तसंच सांगायला डिवचतं. मग त्यातला मजकूर बाईच्या विरुद्ध का असेना, त्याचा घाट माझ्या सुटकेच्या लढाईला बळ देतो. आणि भित्रं संगीत मला भित्रं करतं, त्याचं राजकारण काहीही असो.

मी ते वाक्य वाचलं आणि मला माळ्यावरून उतरणारी हत्तीण दिसली. 'मिक्स ३'मधला एकही शब्द मला कळत नव्हता, म्हणजे माझ्यापर्यंत जे पोचलं होतं तो घाटच होता. नुसता घाट. तो माणूस मला काय म्हणतोय याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कुणीतरी इतक्या मोठ्याने 'मला हवंय' म्हणू शकतं, हे मिरजेच्या घरात मी पहिल्यांदा ऐकत होते.

तिच्या या म्हणण्यातला धोका मला दिसतो. याच न्यायाने कुठल्याही मोर्च्यातली द्वेषाची घोषणा आवडून घेता येईल. ढोल चांगला वाजला की झालं! गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवर काय काय वाजतं आणि त्यावर आपले पाय कसे हलतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. विलिसने हा प्रश्न सोडवला असं मी म्हणणार नाही. तिने तो टाळला नाही, इतकंच. बाकीचे समीक्षक स्वतःचे पाय हलले नव्हते असं लिहितात.

मीही तसंच लिहायचे. हे सांगायला आता लाज वाटत नाही. तेव्हा एका दैनिकाच्या पुरवणीसाठी मी गाण्याच्या कार्यक्रमांची परीक्षणं करत असे. तीनशे शब्द, रात्री बारापर्यंत. 'मैफल उत्तरोत्तर रंगत गेली.' 'रसिकांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली.' 'भैरवीने सांगता झाली तेव्हा सभागृह भारावून गेलं होतं.' ही वाक्यं मी इतक्या वेळा टाइप केली की बोटं आपोआप चालत. एकदा तर मध्यंतराला घरी निघून आले, पोराला ताप होता, आणि उत्तरार्धही रंगवून टाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात येण्यासारखं त्यात काही नसायचंच.

विलिस वाचल्यावर एकदा धाडस केलं. नामांकित गायकाच्या मैफलीबद्दल लिहिलं की पहिला तास मला झोप येत होती, आणि का येत होती ते शोधायचा प्रयत्न केला. गायक चुकत नव्हता हीच अडचण होती, प्रत्येक तान कुठे उतरणार ते आधीच ऐकू येत होतं. मग तासाभराने त्यांचा आवाज वरच्या षड्जाला किंचित फाटला, ते स्वतःशीच हसले, आणि त्या क्षणापासून मी जागी झाले. सकाळी पेपर उघडला तर छापलं होतं, 'मैफलीचा पूर्वार्ध संथ लयीत बांधलेला होता.' फाटलेला षड्ज गायबच. त्यानंतर मी ते काम हळूहळू सोडलं.

विलिसच्या संपादकांनी तिचं असं काही केलेलं दिसत नाही. १९६९च्या उन्हाळ्यात ती लास व्हेगासला एल्व्हिस प्रेस्लीचा कार्यक्रम बघायला गेली. एल्व्हिस बऱ्याच वर्षांनी प्रेक्षकांसमोर उभा राहत होता, तेही जुगाराच्या शहरातल्या हॉटेलात, जेवणाच्या टेबलांसमोर. तिथे काय होणार हे कुणीही आधीच लिहून टाकलं असतं. जुना राजा, सुटलेलं पोट, आठवणींची विक्री. तीही तेच मनात धरून गेली होती. मग तो आला, आणि ती लिहिते की माझे सगळे आडाखे त्याने आल्या आल्या मोडले. काळी बेलबॉटम, गळ्याला रुमाल, सडसडीत, सावध, जरासा घाबरलेला पण सहज हसणारा एक मोठा माणूस. केस मात्र का कोण जाणे काळे रंगवलेले. ते 'का कोण जाणे' वाचून मी हसले होते. आपला अंदाज चुकला याचा आनंद होणारी समीक्षक मी तोवर पाहिली नव्हती.

उलट वुडस्टॉक. त्याच ऑगस्टमधला तो प्रसिद्ध महोत्सव, चिखल, पाऊस, चार लाख पोरं, शांतता आणि प्रेम. सगळे गहिवरलेले असताना तिने आधी आयोजकांना कोपरखळी मारली की जाहिरातबाजी काय साधलीय पठ्ठ्यांनी! अन्न, पाणी, संडास यांची बेफिकिरी झाकून गेली आणि पोरांनी स्वतःच्या समजूतदारपणावर जे निभावलं त्याचं श्रेय यांना. एल्व्हिसपुढे विरघळणारी बाई आणि वुडस्टॉकवर डोळे वटारणारी बाई एकच. यावरून आवड-निवड कळते असं नाही, पण कान आणि डोळे उधार आणलेले नव्हते हे कळतं.

मला तिच्या लेखनातला सगळ्यात जवळचा तुकडा मात्र जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन रॉक गायिकेवरचा. जॅनिस १९७०च्या ऑक्टोबरमध्ये गेली, सत्ताविसाव्या वर्षी. पुढे काही वर्षांनी लिहिलेल्या लेखात विलिस 'पीस ऑफ माय हार्ट' हे गाणं घेते. सगळ्यांना ते जॅनिसचं म्हणून माहीत, पण १९६७ साली ते आधी म्हटलं अर्मा फ्रँकलिनने, म्हणजे अरीथा फ्रँकलिनच्या थोरल्या बहिणीने. जॅनिसचं आलं पुढच्या वर्षी. शब्द तेच. घे, माझ्या काळजाचा आणखी एक तुकडा घे.

विलिस म्हणते, अर्मा म्हणते तेव्हा ते आव्हान आहे. तू काहीही कर, माझ्यातलं प्रेम करणारं माणूस तुला मारता येणार नाही. जॅनिस म्हणते तेव्हा त्यात एक आशा आहे, जरा वेडीच. मी असंच सोसत राहिले, क्षमा करत राहिले, तर कधी ना कधी त्याला कळेल, तो बदलेल, मी दिलेलं मला परत देईल.

मी दोन्ही गाणी लागोपाठ लावली. हेडफोन घालून, रात्री, सगळे झोपल्यावर. अर्माच्या गाण्यात मागची लय अगदी सावकाश चालते, पितळी वाद्यं तिच्या पाठीशी भिंतीसारखी उभी. ती 'घे' म्हणते तेव्हा आवाज वर चढतो पण पाय जमिनीवर असतात. दळणाचा डबा कुणी ठाम हाताने ओट्यावर ठेवावा तसा. जॅनिसच्या गाण्यात गिटार सुरुवातीलाच ओरबाडते, आणि 'घे' या शब्दावर तिचा आवाज एकाचा दोन होतो, दोनाचा तीन. एक ओरडणारा, एक रडणारा, आणि खाली एक खरखरीत श्वास. ती देत नाहीये, ती दार वाजवतेय. विलिसने सांगितलं नसतं तर मला हे ऐकू आलं असतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. मी जॅनिसलाच आव्हान समजत होते. मोठा आवाज म्हणजे ताकद असा माझा हिशेब होता, हत्तिणीचा.

आणि गंमत म्हणजे विलिस यावरून जॅनिसला कमी ठरवत नाही. आपलं स्वातंत्र्य शोधताना बाईचे कसे हाल होतात हे त्या दशकात चारचौघांत उघड करून दाखवणारी नायिका एकच झाली आणि ती जॅनिस, असं ती म्हणते. सोसणाऱ्या बाईचं सोसणं तिने हिणवलं नाही, त्याची आरतीही केली नाही. माझ्या मावश्यांबद्दल इतकं नीट कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. मावश्यांमधल्या कुणी रॉक ऐकलेलं नाही हा भाग वेगळा.

१९७५ साली तिने 'न्यूयॉर्कर'मधलं ते सदर थांबवलं. संगीतावर अधूनमधून लिहीत राहिली, १९७९ साली वीस समीक्षकांना 'निर्जन बेटावर एकच रेकॉर्ड न्यायची तर कोणती' असं विचारणाऱ्या संग्रहासाठी व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडवर फार देखणा लेख दिला. पण नंतरचं बरंचसं लेखन राजकारण, स्त्रीप्रश्न, मानसशास्त्र यांवरचं. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात सांस्कृतिक पत्रकारितेचा अभ्यासक्रम उभा केला. रॉक लेखनाच्या इतिहासात पुरुषांची नावं पक्की होत गेली आणि तिचं मागे पडलं, इतकं की तिचे संगीतावरचे बहुतेक लेख एका जागी वाचायला मिळायला २०११ उजाडलं. मला याचा राग येतो, आणि त्याच वेळी असंही वाटतं की तिने दंतकथा व्हायचे कष्ट घेतले नाहीत. दारू पिऊन टाइपरायटर फोडला असता तर पोस्टर निघालं असतं.

मुलगी दिवाळीनंतर परत गेली. जाताना पुस्तक घेऊन गेली, न विचारता. कव्हरची कड मी चिकटपट्टीने डकवली होती, ती आता पुरती गेली असणार. महिनाभराने रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. दोन्ही 'पीस ऑफ माय हार्ट' सलग ऐकली. पुढे लिहिलं होतं, 'तुमची विलिस चुकतेय. अर्मा घाबरलेली आहे, म्हणून इतकी सरळ उभी आहे. जॅनिसला कसलीच भीती नाही.'

मी उठून हेडफोन शोधले. वायरीला गाठ बसली होती. ती सोडवताना अर्माचा पहिला शब्द आठवून बघितला, श्वास कुठे घेते तो. आठवेना. शेवटी ओट्याजवळचा दिवा लावला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.